उबंटू २४.०४ : गरजेपुरता डेस्कटॉप

उबंटू या लिनक्स कार्यप्रणालीच्या २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीच्या स्थापनेत ‘डिफॉल्ट’ पर्याय ठेवला, तर फायरफॉक्स ब्राउझर आणि मोजकी साधने एवढेच संगणकावर येते; लिब्रेऑफिस (कार्यालयीन कामे), थंडरबर्ड (ईमेल), रिदमबॉक्स (संगीत) व शॉटवेल (छायाचित्रे) यांसाठी ‘एक्स्टेंडेड’ पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. १८.०४ या आवृत्तीत हलकी स्थापना हा केवळ बाजूचा पर्याय होता, २३.१० पासून तीच मूळ निवड झाली, आणि लहान डिस्कच्या जुन्या लॅपटॉपसाठी हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

भरगच्च स्थापना आधीच झाली असेल, तर छाटणी जपून करावी लागते. रिदमबॉक्ससारखी डेब पॅकेजे (उबंटूच्या पारंपरिक स्वरूपातील सॉफ्टवेअर) ‘एपीटी’ या आज्ञेने काढता येतात; परंतु एखादा घटक काढताना त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेही जाऊ शकतात, म्हणून संमती देण्यापूर्वी पडद्यावरची यादी पूर्ण वाचावी आणि तीत ग्नोम शेल (डेस्कटॉपचा मुख्य पडदा) किंवा जीडीएम (लॉगिनचा पडदा) यांचे नाव दिसले, तर तिथेच थांबावे. गरज न उरलेली पॅकेजे काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा देतानाही हीच दक्षता हवी.

फायरफॉक्स मात्र स्नॅप या वेगळ्या पॅकेज-स्वरूपात येतो व स्नॅपच्या आज्ञेनेच निघतो. तो काढला तरी त्याच्या माहितीची प्रत सर्वसाधारणपणे ३१ दिवस डिस्कवर राहते. काढण्याच्या आज्ञेला ‘पर्ज’ पर्याय जोडला, तर ती ठेवली जात नाही. जागा मोकळी करणाऱ्याला ही गोष्ट काढतानाच स्पष्ट सांगितली जायला हवी होती. एवढी उणीव सोडली, तर नव्या स्थापनेसाठी ‘डिफॉल्ट’ पर्यायाची मी निःसंकोच शिफारस करतो.