मुंबई क्लायमेट अॅक्शन प्लॅन: डॉक्युमेंट भारी, पण पाळायचं कुणी?

रेटिंग 3/5.

सरकारी रिपोर्ट म्हटलं की आपण कव्हर बघूनच बंद करतो, पण हा खरंच वाचण्यासारखा आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेने आणला, सी40 (हवामानावर काम करणारं जगातल्या मोठ्या शहरांचं नेटवर्क) आणि डब्ल्यूआरआय इंडिया या संशोधन संस्थेला सोबत घेऊन. 2019 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जन 30 टक्के कमी, 2040 पर्यंत 44 आणि 2050 ला नेट झिरो (जेवढं उत्सर्जन, तेवढंच शोषून घ्यायचं), म्हणजे देशाच्या 2070 च्या टार्गेटच्या वीस वर्षं आधी. वीज, वाहतूक, कचरा, झाडं, हवा, पूर सगळं आहे, कुठल्या वस्त्यांना जास्त फटका बसणार तेही आहे.

आता मेन घोळ. हा प्लॅन म्हणजे कायदा नाहीये. डीपी 2034, म्हणजे शहराचा विकास आराखडा बघा, त्याच्यामागे 1966 चा एमआरटीपी अॅक्ट (राज्याचा नगररचना कायदा) उभा आहे, त्यामुळे बिल्डरला तो पाळावाच लागतो (पळवाटा काढतात ती गोष्ट वेगळी). इथे 2030 चं टार्गेट हुकलं तर कुणाला नोटीस जाणार? कुणालाच नाही. त्यात शहराचं जवळपास 72 टक्के उत्सर्जन ऊर्जेचं, आणि वीज कुठून घ्यायची, काय दराने विकायची यात शेवटचा शब्द राज्याच्या वीज नियामक आयोगाचा, पालिकेचा नाही, मग पालिकेने नुसतं टार्गेट लिहून काय होणार. आणि टायमिंग तर बघा, ज्या महिन्यात प्लॅन आला त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली, पुढे तीन वर्षांहून जास्त प्रशासकच, म्हणजे सभागृहात उभं राहून "काय झालं त्या प्लॅनचं?" विचारायलाही कुणी नव्हतं.

2024 पासून पालिकावाले क्लायमेट बजेट रिपोर्टही काढायला लागले, म्हणजे बजेटमधला हवामानासाठीचा खर्च किती त्याचा हिशोब; आयडिया नॉर्वेतल्या ऑस्लोवाल्यांची. खर्च निदान एका जागी दिसतो हे चांगलं, पण नाले आणि सांडपाण्याची जी कामं तशीही करावीच लागली असती ती पण यात मोजतात, त्यामुळे आकडा बघून लगेच खूश होऊ नका.

दिल्लीतही तेच, देशाला एकच असा क्लायमेटचा कायदा नाही. सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा कलम 14 आणि 21 खालचा हक्क मानला, पण तो हक्क घेऊन वॉर्ड ऑफिसात कुठल्या टेबलावर जायचं ते कुठेच लिहिलेलं नाही.

दोन स्टार त्याचेच कापले. टार्गेट डीपीसारखी कायद्यात आणा, लगेच देतो.