बेळगावकरांसाठी एएमटी गाडी: पावसाळा-उन्हाळा वापरल्यानंतरचं मत

सर्व्हिस सेंटरने क्लच प्लेटचं एस्टिमेट पुढे केलं आणि ‘हे वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले, तेव्हा हे लिहायला घेतलं. गाडी १.२ पेट्रोल, पाच गिअरची एएमटी (म्हणजे क्लचचं पेडल नाही, गिअर गाडी स्वतः बदलते), मधलं मॉडेल. बाकी आकडे सगळ्यांना पाठ आहेत.

एएमटीबद्दल ऑनलाइन वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईकडचं असतं, आणि ते आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. बेळगावच मुळात साडेसातशे मीटरवर वसलंय. पिरनवाडीवरून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याला जा, नाहीतर शिनोळीवरून आंबोलीला. आपला घाट सकाळी उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. म्हणजे खरा चढ दिवस संपताना येतो: पाच माणसं, भिजलेले कपडे, डिकी भरलेली, अंधार पडत आलेला आणि पावसाळ्यात वर दाट धुकं. गाडीची परीक्षा तिथे होते.

या गाडीचा खरा दोष एकच, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जातानाचा झटका. एएमटीत क्लच साध्या गाडीसारखा एकच असतो, फक्त तो पाय दाबत नाही, ॲक्चुएटर नावाची यंत्रणा दाबते. गिअर बदलताना तेवढा वेळ इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. चढावर मात्र तेवढ्यात गाडीचा वेग पडतो, मागच्या सीटवरच्यांच्या माना पुढे जातात आणि ताकद परत आली की मागे आपटतात. पोरं ओकतात ती वळणांपेक्षा या झटक्याने जास्त, असं माझं ठाम मत आहे. आवळासुपारी दिली, काच खाली केली, तरी ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर गाडीवर सोडून, घाट चढला की पायथ्याच्या केरीपासून चोर्ल्यापर्यंत मागून ‘थांबवा, थांबवा’ ऐकावं लागतं.

वर त्यात घोटाळा असा की वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडला की गाडी समजते, आता वेग नको, आणि तिसरा टाकते. वळणाच्या मध्यावर पाय दिला की पुन्हा दुसरा शोधते. ऐन वळणात ताकद गायब. म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतर मत होतं, घाटमाथ्यावर राहणाऱ्याने एएमटी घेऊ नये.

ते मत आता अर्धं बदललंय. कारण लिव्हर बाजूला ढकलून ‘एम’मध्ये, म्हणजे गिअर आपण ठरवायचा अशा मोडमध्ये, घातली की हीच गाडी शहाण्यासारखी चढते. वळणाच्या आधीच, गाडी सरळ असतानाच दुसरा टाकायचा आणि वळण पूर्ण संपेपर्यंत तोच धरायचा. तिसरा टाकायचा असेल तर लिव्हर हलवताना ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडायचा. झटका जवळपास उरत नाही. इंजिन ओरडतं, ओरडू द्या. तीन-साडेतीन हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) फिरल्याने पेट्रोल इंजिनाचं काही बिघडत नाही.

उतरतानाही ‘एम’ आणि दुसराच. ‘डी’मध्ये गाडी वरचे गिअर टाकत जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि खाली पोचेपर्यंत पेडल मऊ लागायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो. आपल्याकडच्या पावसात दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं, ‘अजून चालेल’ म्हटलं तरी ऐकू नका.

क्लच जळतो तो मात्र धावताना नाही, उभं राहताना. आंबोलीचा धबधबा गावाच्या खाली, घाटात आहे. रविवारी तिथून परत वर येताना गाड्यांची रांग लागते आणि माणूस ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतो. त्यात क्लच सतत घासतो. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय, दोनेक सेकंदच धरतं, त्याच्यावर विसंबू नये. हँडब्रेक ओढा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एका दमात पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. जळका वास आलाच तर कडेला घेऊन न्यूट्रलमध्ये दहा-पंधरा मिनिटं निवू द्यायची.

बाकी किरकोळ. मागे वायपर नाही, जांबोटीपुढे लाल चिखलाने काच बंद होते; एक ओला फडका दाराच्या कप्प्यात ठेवा. भरलेल्या गाडीसाठी हवेचं प्रेशर वेगळं असतं, दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघून सकाळी टायर थंड असतानाच भरा. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू आणि हवा बाहेरची. गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून टाकी काठोकाठ भरून घेणारे आपण सगळेच. सदतीस लिटर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलो, तेवढ्याने चढाला फरक पडत नाही, बिनधास्त भरा.

आता एस्टिमेटबद्दल. प्लेट झिजली की क्लच जिथे पकडतो ती जागा सरकते आणि कॉम्प्युटरला जुनीच जागा माहीत असते. त्यानेही झटके वाढतात. स्कॅनर लावून ती जागा नव्याने शिकवता येते, यालाच क्लच कॅलिब्रेशन म्हणतात. प्लेट बदलण्याच्या तुलनेत हे काम अगदी कमी खर्चाचं. ते केल्यावर ही गाडी पुन्हा नीट चालायला लागली, प्लेट अजून जुनीच आहे. तेव्हा आधी जॉबकार्डवर ‘क्लच कॅलिब्रेशन’ लिहून घ्या, त्यानंतर स्वतः चढावर ट्रायल घ्या, आणि तरीही चढावर आरपीएम वाढून वेग वाढत नसेल तरच प्लेटला हो म्हणा.