दाताच्या मुळात पोस्ट: धातूचा की फायबरचा?

रूट कॅनलनंतर दाताचा वरचा भाग मोडला, की कॅपला आधार म्हणून दाताच्या मुळात पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, बसवतात. धातूचा पोस्ट दातापेक्षा कितीतरी कडक. कडक सुपारीचा खर्रा चघळणाऱ्याच्या मुळावर ताण येतच राहतो. मूळ उभं चिरलं, की बहुतेक वेळा दात काढावाच लागतो. फायबरचा पोस्ट जवळपास दाताइतकाच लवतो. बिघडला तर बहुधा सुटून येतो, पुन्हा बसवता येतो. कमजोर मुळाला मी फायबरच सुचवीन. मात्र चिकटवताना लाळेचा थेंबही चालत नाही.

मुळातली पोकळी वेडीवाकडी असेल तर मापाचा ओतीव धातूचा पोस्ट चपखल बसतो, पण त्याला दुसरी फेरी लागते. गडचिरोलीच्या खेड्यातून म्हणजे एसटीचं भाडं अन् बुडालेली मजुरी. हिरडीच्या वर चौफेर 2 मिलिमीटर दात शिल्लक आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा. नसेल तर दोन्ही पोस्ट टिकणं कठीण.