आधी शंभर पावलं चालून बघा, मग पैसे द्या

बडोद्याच्या कमाटी बागेत सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते आहे. गेल्या थंडीत बागेच्या फाटकाबाहेर एक जण टेबल मांडून पावलं मोजणारे मनगटी पट्टे विकत होता. किंमत १,८०० रुपये. त्याने पट्टा स्वतःच्या हाताला बांधला, हात चार-पाच वेळा झटकला, आकडा भराभर वाढला. "जुओ बेन, एकदम परफेक्ट!" मी तिथेच फसले. उभ्या माणसाच्या हाताच्या झटक्यांना तो पावलं म्हणत होता आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

ह्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी रोज सहा हजार पावलं सांगितलेली. पट्टा दुपारीच सहा हजार दाखवायचा, म्हणून ह्यांनी संध्याकाळची फेरी बंद केली. तीन महिन्यांनी साखर वाढलेली निघाली. "चालता ना?" डॉक्टरांनी विचारलं. हे ठामपणे "हो" म्हणाले. खोटं बोलत नव्हते हो ते!

मग एके दिवशी हे झोपाळ्यावर बसून उंधियूची पापडी सोलत होते. सहज पट्ट्याकडे पाहिलं, ४,२१०. पातेलं भरलं तेव्हा ४,६३५. माणूस जागचा उठलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सूरसागरच्या काठाने आम्ही दोघं तोंडाने मोजत शंभर पावलं चाललो. पट्ट्यावर १४१. पुन्हा चाललो, १२८. खिशातल्या फोनवर ९८.

मनगटावरचा चांगला पट्टासुद्धा हाताच्या हेलकाव्यावरून पाऊल ओळखतो. वॉकर धरून किंवा ढकलगाडी लोटत चाललं की त्यात पावलं कमी दिसतात, फार सावकाश चाललं तरी काही सुटतात. ते समजून घेता येतं. पण बसल्या जागी चारशे पावलं?

परत करायला गेले तर टेबल गायब, चिठ्ठीवरचा नंबर बंद. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, बिल मी मागितलंच नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर कोणाच्या नावाने? निदान तुम्ही तरी बिल घ्या, आणि पट्टा बांधून तिथल्या तिथे शंभर पावलं चाला. पाच-सात इकडेतिकडे चालतील. विकणारा चालू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

ह्यांचा फोन आता पँटच्या खिशात असतो. संध्याकाळची फेरी पुन्हा सुरू झाली आहे, दांडिया बाजारापर्यंत मीही सोबत जाते.