कॅमेरा बॅग: सात किलोंपैकी सव्वादोन तिचेच

माझ्या कॅमेरा बॅगेच्या चेनचा रनर गेला. चेन लागते, पण रनर पुढे सरकला की मागून दात सुटत जातात. वॉरंटी पाच वर्षांची आहे खरी, मात्र चेन म्हणजे 'झीज', ती त्यात बसत नाही. बॅग स्वखर्चाने परराज्यातल्या सेंटरला पाठवा, बघून सांगतो, असं उत्तर आलं. कुरिअरलाच दुरुस्तीच्या कितीतरी पट पैसे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक बॅगांची कथा हीच आहे: तीस लिटर, पाठीकडून उघडणारी, लॅपटॉपचा वेगळा कप्पा, 'केबिन साइझ'चं लेबल. चेनचं पुढे सांगतो. तिच्याहून मोठं दुखणं वजनाचं आहे.

५५ × ३५ × २५ सेंटीमीटर आणि ७ किलो ही इंडिगोच्या इकॉनॉमीत केबिन बॅगेची मर्यादा सगळ्यांना पाठ आहे. बॅग घेताना सगळे सेंटीमीटर बघतात, किलो कुणी बघत नाही. आता हिशेब मांडा. सोनी ए७ फोर कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या बॅटरीसकट १३१६ ग्रॅम. २४-७० जीएम टू ही लेन्स ६९५. २००-६०० ही मोठी लेन्स साधारण २११५, तेही तिला ट्रायपॉडवर बसवायचा पाय काढून. चार जादा बॅटऱ्या, चार्जर, कार्डं, ब्लोअर, पट्टा असं किरकोळ धरून आणखी पाऊण किलो. झाले जवळपास ४.९ किलो. बॅग रिकामी २.३. म्हणजे लॅपटॉप, चष्मा, पाण्याची बाटली यातलं काहीही न ठेवता ७.२.

यात गोम अशी की कागदावर या बॅगेचं वजन १.८ लिहिलंय. ते पार्टिशनशिवाय, म्हणजे आतले खण पाडणाऱ्या फोमच्या पट्ट्यांशिवाय. पार्टिशनशिवाय कॅमेरा बॅग म्हणजे साधी सॅक झाली, पण बऱ्याच कंपन्या वजन असंच छापतात. दुकानात जाताना खिशात लगेजचा हुकवाला काटा ठेवा, सगळी पार्टिशनं आत घालून बॅग टांगा आणि काटा काय म्हणतो ते बघा. दुकानदाराला आवडत नाही, चालायचंच. दोन किलोच्या वर गेली तर बाकीची वैशिष्ट्यं ऐकूसुद्धा नका.

घेऊन बसलाच असाल तर तिला उतरवता येते. कमरेचा पट्टा सुटा होतो: २३० ग्रॅम. रेन कव्हर: १४० ग्रॅम. त्याऐवजी कचऱ्याची मोठी काळी पिशवी घडी करून ठेवा. विमानाच्या शिडीपर्यंत पावसात तेवढी पुरते. निम्मी पार्टिशनं: १८० ग्रॅम. दोन लेन्सच्या मध्ये एक जाड पार्टिशन लागतंच, पण बारक्या खणांच्या वेल्क्रो पट्ट्या निव्वळ शोभेच्या. पट्टा, कव्हर आणि ही पार्टिशनं चेक-इनच्या बॅगेत टाकली की ही बॅग १.७५ वर येते, भरून ६.६५. लॅपटॉप वेगळ्या छोट्या पिशवीत. अशी एक वैयक्तिक पिशवी, ३ किलोंपर्यंत, इंडिगो चालवून घेते. पुढचा कप्पा मात्र रिकामाच राहू द्या. त्यात जॅकेट कोंबलं की २५ सेंटीमीटरची जाडी सहज वाढते आणि काउंटरजवळच्या मापाच्या चौकटीत बॅग अडकते.

भरतानाची एक गोष्ट. २००-६०० ची लांबी ३१८ मिलिमीटर; बॉडी जोडलेली ठेवली तरी आत मावते. म्हणून तशीच ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. बॅग आपटली की दोन किलोंचा सगळा झोल माउंटवर, म्हणजे लेन्स-बॉडीच्या जोडावर येतो. बॉडी सुटी, दोन्हीकडे झाकणं, आणि लेन्सचं तोंड वर, म्हणजे ती उपसताना हात माउंटला लागत नाही.

पाठीकडून उघडणं, ही या बॅगेची मोठी जाहिरात. बसस्टँडवर चोराला चेन सापडत नाही, हे खरं. सिक्युरिटीला मात्र तीच अडचण होते. आपल्या विमानतळांवर बहुतेक ठिकाणी कॅमेरा आणि लॅपटॉप ट्रेमध्ये वेगळे काढावे लागतात. ही बॅग उघडायची तर आडवी, पट्टे खाली, पाठ वर. अर्धा सरकता पट्टा तिचाच होतो आणि मागची रांग तोंड वाकडं करते. लॅपटॉप त्याच पाठीच्या झाकणात असेल तर झाकण जड होऊन मिटतं, एका हाताने ते धरायचं आणि दुसऱ्याने कॅमेरा काढायचा. यावर उपाय: बॉड्या आधीच दोन कापडी पाउचमध्ये घालून वरच्या खणात ठेवा आणि झाकण पाव भागच उघडा.

इथवर वाचून ही बॅग वाईट आहे असं वाटेल. पहिले काही महिने माझंही मत तेच होतं, विशेषतः आतल्या सुट्या फोमच्या डब्यामुळे. वर हँडल, चारी बाजूंनी फोम. हा वजनाचा उगाच भार, असं वाटायचं. एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानाने मत फिरवलं. त्यातले डोक्यावरचे कप्पे लहान असतात, अशी बॅग आत जात नाही. शिडीपाशी टॅग बांधतात आणि बॅग होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या सामानाच्या कप्प्यात जाते. तेव्हा हा डबा दहा सेकंदांत उपसून हातात येतो, पायांशी राहतो, आणि होल्डमध्ये जाते ती रिकामी सॅक. त्या डब्याला माझे पैकीच्या पैकी गुण. ज्या बॅगेत पार्टिशनं थेट कापडाला चिकटलेली असतात ती छोट्या विमानासाठी नकोच.

त्याच शिडीवर बॅटऱ्यांचंही लक्षात ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या होल्डमध्ये चालत नाहीत, मग बॅग आयत्या वेळी गेलेली का असेना. म्हणून बॅटऱ्या आणि पॉवर बँक एकाच पाउचमध्ये, डब्यात सगळ्यात वर. कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम १६ वॉट-अवरची, मर्यादा १०० ची. प्रश्न क्षमतेचा नाही, उघडी टोकं धातूला लागून शॉर्ट होण्याचा आहे. प्लॅस्टिकची टोपी नसेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा. आणि होल्डमध्ये जाणाऱ्या बॅगेला कुलूप लावून निश्चिंत होऊ नका. कॉइलची, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्याचे दात असलेली, चेन बॉलपेनच्या टोकाने फाकते आणि कुलुपासकट दोन्ही रनर फिरवले की पुन्हा मिटते.

आता त्या रनरबद्दल. दात शाबूत असून चेन मागून उघडते तेव्हा दोष रनरचा असतो. रणथंभोर-ताडोबाची बारीक धूळ कॉइलमध्ये बसते, ती रनरला आतून घासते, आणि त्याचं तोंड फाकतं. जादा भरलेली बॅग कोपऱ्यावर ओढून बंद केली की हे लवकर होतं. तात्पुरता इलाज: पक्कडीने रनरची मागची बाजू, म्हणजे चेन जिथून मिटून बाहेर पडते ती, डावी-उजवी दोन्हीकडून थोडी थोडी दाबा आणि दर दाबाला चालवून बघा. जोर केला तर ओतीव धातू तडकतो. कायमचा इलाज: रनरच्या मागे ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो, त्याच मापाचा नवा रनर. बॅग दुरुस्तीवाला टोकाची शिलाई दोन-तीन सेंटीमीटर उसवतो, जुना काढतो, दोन्ही बाजू सारख्या धरून नवा ओवतो आणि शिवतो. दोनशे रुपयांच्या आत काम होतं. नंतर जुन्या टूथब्रशने धूळ झाडा आणि मेणबत्ती घासा. तेल अजिबात नको, ते धूळ धरून ठेवतं.

केनियातल्या मसाई माराला जाणाऱ्यांसाठी: नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटणाऱ्या छोट्या विमानांत कपडे, कॅमेरा सगळं धरून १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक रोलर तिथे उपयोगाची नाही, ही बॅग चालते. परदेशी जाताना महागड्या सामानाचं कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सिरियल नंबरांसकट. परतताना ड्यूटीचा वाद उरत नाही.

पावसाळ्यात लेन्स या बॅगेत ठेवू नका. फोम ओल धरतो, आणि बंद चेनच्या आत बुरशीला हवं ते सगळं मिळतं. लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या विजेवरच्या कपाटात, नाहीतर सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. बॅग रिकामी, चेन उघडी, पंख्याखाली टांगून. कापडाच्या आतला पीयूचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत चिकट होऊन सुटायला लागला की त्याला इलाज नाही, आणि वॉरंटीच्या कागदात तोसुद्धा 'झीज'च लिहिलाय.