पित्ताशयाची शस्त्रक्रिया, फोंडा: सर्जनना पाच तारे, रिपोर्टच्या काउंटरला एक

माझी थोरली बहीण, आमची माई, वय ६१, माशेलला असते. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत जायची. सोनोग्राफीत खडे निघाले, शिवाय पित्ताशयाची भिंत थोडी जाड, एवढंच. फोंड्यातल्या एका खासगी इस्पितळात दुर्बिणीने पित्ताशय काढलं. नाव लिहीत नाही. माईचा आजार पकडला तो तिथल्याच डॉक्टरांनी, आणि आमचे तेरा दिवस फुकट गेले तेही तिथेच.

शस्त्रक्रिया झाल्यावर सर्जननी मला थिएटरच्या दारात बोलावलं. हातात स्टीलचा ट्रे. खडे दाखवायला बोलावतात हे ठाऊक होतं, शेजारच्या काकूंनी आपले अजून बाटलीत ठेवलेत. पण यांनी पित्ताशय उभं चिरून उघडलं होतं. आतलं अस्तर हिरवट, मखमलीसारखं, आणि तळाशी तुरीच्या डाळीएवढा पांढुरका, राठ ठिपका. तो बोटाने दाबून म्हणाले, "ताई, हे मला बरं दिसत नाही. लॅबला पाठवतो." पित्ताशय पिशवीत घालून, न फुटू देता बाहेर काढलं होतं. आत गाठ असली आणि पित्त सांडलं तर त्या पेशी पोटात पसरू शकतात, हे मला नंतर समजलं. बिलात बायोप्सीचे पैसे वेगळे होते. असे पैसे वाचवू नका हो, खडे साधे वाटले तरी.

आता गाऱ्हाणं. टाके काढायला गेलो तेव्हा रिपोर्ट यायचा होता. "आला की फोन करतो," काउंटरवर सांगितलं. फोन आलाच नाही. गणपतीची चवथ जवळ आली होती, माई उठून माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीच्या, सामानाची यादी करायला लागली होती, आणि फोन नाही म्हणजे सगळं ठीक असंच आम्ही धरून चाललो. एकविसाव्या दिवशी मीच गेले. काउंटरवरच्या मुलीने खोक्यातून पाकीट काढून दिलं. वर तारीख शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवसाची. आत कॅन्सर, टप्पा टी१बी.

म्हणजे गाठ पित्ताशयाच्या भिंतीतल्या स्नायूच्या थरापर्यंत पोचलेली. नुसत्या अस्तरात, टी१ए असती, तर पित्ताशय निघालं तेवढ्यावर भागलं असतं. टी१बीला लगतचा यकृताचा तुकडा आणि लसिकाग्रंथी काढायला पुन्हा शस्त्रक्रिया सुचवतात. सर्जननी त्याच संध्याकाळी तासभर बसून चित्र काढून हे समजावलं, लॅबमधून तपासलेल्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक मागवून आमच्या हातात दिले, बांबोळीला गोमेकॉसाठी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळासाठी, चिठ्ठी लिहिली. रिपोर्ट आल्याचं त्यांनाही कोणी कळवलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. सात ग्रंथी तपासल्या, सातही स्वच्छ, यकृतही स्वच्छ. माई आता घरी आहे, पेज आणि उकडलेल्या भाज्या जेवते.

तेरा दिवसांचं मी लेखी दिलं आहे: संशय असलेला रिपोर्ट आला की आधी सर्जनना कळवा, मग नातेवाइकांना, आणि फोन केल्याची वहीत नोंद करा. अर्जावर पोचीचा शिक्का मिळाला, उत्तर अजून नाही. तोवर इथे शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी आठव्या दिवशी स्वतः काउंटरवर उभं राहावं. सर्जन मात्र हेच धरा.