डायल 112 : कंट्रोल रूममध्ये नोकरी केलेल्या माणसाचा रिव्ह्यू

112 या इमर्जन्सी नंबरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. आधीच सांगतो मी रिटायर्ड पोलीस आहे, नोकरीतली बरीच वर्षं जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला 100 नंबरचे फोन घेण्यात गेली, त्यामुळे ही सर्विस मी फोन घेणाऱ्याच्या बाजूनेच बघणार.

मध्यंतरी रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाईकवाला टेम्पोला घासून पडला, लागलं फारसं नव्हतं पण शिवीगाळ सुरू झाली, पोरं जमली, टेम्पोवाल्याच्या कॉलरला हात गेला तसा मी 112 लावला. फोन घेणाऱ्या मुलीने शांतपणे विचारलं काय झालंय, कोणाला लागलंय का, आणि मी पत्ता सांगायच्या आत एरिया तिनेच सांगितला, फोनचं लोकेशन तिला समोर दिसतं. चहा उकळेपर्यंत गाडी दारात. गाडीत पुढे टॅबसारखी स्क्रीन असते, एमडीटी म्हणतात तिला, कॉल थेट तिच्यावर येतो, कुठे जायचं ते मॅपवर दिसतं आणि गाडी कुठे आहे ते कंट्रोलला पण दिसत असतं. 2021 ला महाराष्ट्रात हे सुरू झालं, मेन सेंटर नवी मुंबईत आणि दुसरं नागपुरात.

आमच्या वेळी वायरलेस सेट आणि लॉगबुक. "शिवाजी चौकात मारामारी चालूय, लवकर या" आणि फोन कट! आता शिवाजी चौक नाही असं गाव दाखवा मला. आणि फोन तरी कसले कसले यायचे. एक आजी रात्री हमखास करायच्या, नातू जेवत नाही जरा दम द्या म्हणून, मग आमचा हवालदार जाड आवाज काढून "कोण रे जेवत नाही?" विचारायचा, पलीकडून "जेवतो जेवतो" ऐकू यायचं आणि अख्खी रूम हसायची. एकाला शेजाऱ्याच्या कोंबड्यावर केस करायची होती, पहाटे तीनला आरवतो म्हणून. एका तळीरामाची शेवटची एसटी कायम चुकलेली असायची आणि त्याला जीपने घरी सोडायला हवं असायचं. रात्रपाळी अशा फोनांवरच सरायची, आजही दोस्त भेटले की पहिला विषय आजींच्या नातवाचाच निघतो.

एका फोनचा विषय मात्र आम्ही कोणी काढत नाही. बाई रडत नव्हती, एकदम सपाट आवाजात बोलली, "ह्यांनी फवारणीचं औषध घेतलंय, आम्ही पिंपळगावला वस्तीवर राहतो", मागे लहान पोर रडत होतं, आणि लाईन तुटली. परत लावला तर लागेना. आमच्या जिल्ह्यात पिंपळगावं एकापेक्षा जास्त. वायरलेसवरून सगळीकडे कॉल दिला, मग पोलीस पाटलांची यादी काढून एकेकाला झोपेतून उठवत बसलो. शेवटी एका पाटलांनी घर ओळखलं, स्वतःच मोटरसायकल काढून गेले बिचारे, पण तोवर तो माणूस गेला होता. सकाळी ठाण्यातून अकस्मात मृत्यू दाखल झाल्याचा निरोप आला, तो मी त्या कॉलसमोर लॉगबुकात लिहिला आणि ड्युटी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन घरी गेलो. बायकोने ताट वाढलं होतं, जेवलो नाही.

म्हणून लोक 112 च्या गाड्यांचं कौतुक करतात तेव्हा मला त्या लोकेशनचंच जास्त वाटतं. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता आठवत नाही हो, खरंच नाही आठवत.

अर्धा स्टार कापला तो रानातल्या वस्त्यांसाठी. तिथे टॉवर लांब, लोकेशन अंदाजेच येतं, त्यामुळे गावाच्या नावाबरोबर तालुका सांगा आणि जवळची खूण सांगा, लाईटची डीपी, पाण्याची टाकी, शाळा, काय असेल ते. पोलिसांसाठीच नाही, आग लागली किंवा बाईमाणूस अडचणीत असेल तरी हाच नंबर. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना एकदा नीट दाखवून ठेवा, फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉलमधून लागतो. आणि चुकून लागला तर घाबरून कट करू नका, "चुकून लागला" एवढं सांगा, नाहीतर तुम्हाला काही झालंय की काय म्हणून समोरचं माणूस परत परत फोन लावत बसतं.